'एकही कोड नाही' म्हणत स्कॅनर दाखवला आणि खराब डिझेल गाडी गळ्यात मारली

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा, कारण हल्ली डीलर लोक स्वतःहूनच स्कॅनर लावून दाखवतात, 'बघा साहेब, एकही कोड नाही, गाडी एकदम क्लीन' म्हणतात आणि समोरचा माणूस तिथेच निम्मा तयार होतो. कोड म्हणजे बिघाड झाल्यावर गाडीचा कॉम्प्युटर जी खूण नोंदवून ठेवतो ती, आणि स्कॅनर किंवा रीडर ती वाचतो. आमच्या बाबतीत हेच झालं. कोड नव्हते हे खरं, पण ते आम्ही यायच्या आधी उडवलेले होते म्हणून नव्हते.

गाडी 2020 ची बीएस6 डिझेल, छोटी एसयूव्ही, पहिला मालक, किंमत आठ लाखांच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गाडीत दोष नाही, दोष विकणाऱ्यात आहे, आणि डीलरचं नावही आत्ता लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. पुण्यातला चांगला मोठा यार्ड, काचेचं ऑफिस, चहा-पाणी, 'दादा' 'साहेब' सगळं व्यवस्थित. आम्ही पोचलो तेव्हा गाडी बाहेर काढून चालू करून ठेवलेली होती, एसी लावून, 'तुम्हाला उकडू नये म्हणून'. टेस्ट ड्राईव्हला हायवेला वळसा घालून सहा-सात किलोमीटर फिरवली, पिकअप ठीक, धूर नाही, डॅशबोर्डवर एकही लाईट नाही. परत आल्यावर त्यांच्या माणसाने स्टिअरिंगखाली तो छोटा काळा रीडर लावला, मोबाईलवर ॲप उघडलं आणि 'नो फॉल्ट कोड' असलेलं पान आम्हाला दाखवलं, त्याची तारीख-वेळेसकट प्रिंटसुद्धा दिली. ती प्रिंट पुढे आम्हालाच उपयोगी पडली, ते खाली सांगतो. पीयूसी ताजी होती. तीही दाखवली.

पीयूसीबद्दल इथेच सांगून टाकतो. डिझेल गाडीच्या पीयूसीत न्यूट्रलमध्ये रेस करून धुराचा दाटपणा मोजतात, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काय साठलंय ते कुणी बघत नाही, त्यामुळे पीयूसी आहे म्हणजे इंजिन ठीक आहे असं अजिबात नसतं.

गाडी ताब्यात मिळाली, आठवडाभर गावातल्या गावात चालवली, काही नाही. मग आई-वडिलांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला निघालो आणि खंबाटकी चढताना अर्ध्या घाटात चेक इंजिन लाईट लागला, त्याच्या पाठोपाठ गाडीचा दमच गेला, पाय पूर्ण दाबला तरी रेस वर जाईना. याला लिंप मोड म्हणतात, इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करून टाकतं. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, वडिलांना बीपीचा त्रास, त्या घाटात गाडी बाजूला घ्यायलाही धड जागा नाही. कसंबसं वर चढलो आणि सुरूर फाट्याजवळ थांबून इंजिन थंड होऊ दिलं, पण लाईट काही गेला नाही. तशीच हळूहळू कोरेगावपर्यंत नेली.

तिथे आमच्या चुलतभावाचं पिकअप-ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. त्याने रीडर लावला. कोड आला पी2463, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी प्रमाणाबाहेर साठली. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरच्या लाईनमधला फिल्टर, बीएस6 डिझेल गाड्यांना तो असतोच. सलग थोडा वेळ चांगल्या स्पीडने गाडी पळाली की आतलं तापमान साधारण 550-600 डिग्रीपर्यंत नेऊन ती काजळी जाळली जाते, पण ज्याची गाडी रोज घर ते ऑफिस सिग्नल-सिग्नलने चार किलोमीटर जाते त्याचा फिल्टर जळून साफ व्हायच्या आधीच परत भरत राहतो, आणि असं वर्षानुवर्षं झालं की तो जळण्यापलीकडे जातो.

मला वाटलं आमच्याच आठवडाभराच्या गावातल्या फिरण्याने झालं असेल. भाऊ म्हणाला, "दादा, एवढ्यात नाही होत, थांब." आणि त्याने ॲपमध्ये दुसरं एक पान उघडलं, जे त्या यार्डातल्या माणसाने आम्हाला दाखवलंच नव्हतं. त्यात एक ओळ असते, कोड उडवल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. आकडा होता 219. भावाने विचारलं, ताब्यात घेतली तेव्हा मीटरला किती होते? डिलिव्हरी नोटवर लिहिलेलं होतं 61,840. समोर मीटरला 62,052. म्हणजे आम्ही चालवली 212 किलोमीटर आणि कोड उडवले त्याला झाले 219. वरचे सात किलोमीटर कुठले? आमची टेस्ट ड्राईव्ह! म्हणजे आम्ही यार्डात पोचायच्या जरा आधी कोड उडवले, नंतर आम्हाला फिरवून आणलं आणि मग त्याच रीडरने 'काही नाही' म्हणून दाखवलं.

तो आकडा बघितल्यावर मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. पैशाचं एक वेळ सोडा, म्हातारी माणसं बसलेली गाडी घाटात बंद पडायची वेळ आणली या लोकांनी, आणि ती जाणूनबुजून आणली.

पुण्याला आल्यावर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या मोठ्या स्कॅनरवर आणखी एक गोष्ट निघाली. डीपीएफ नवीन बसवला की गाडीच्या कॉम्प्युटरला 'फिल्टर बदलला' असं सांगावं लागतं, मग तो काजळीचा आणि राखेचा हिशोब शून्यापासून सुरू करतो. आमच्या गाडीत ती नोंद कोड उडवले त्याच किलोमीटरला केलेली होती. फिल्टर मात्र जुनाच, कंपनीचा पहिल्यापासूनचा, त्यावरचा गंजही तसाच! नवीन फिल्टर बसवला असं गाडीलाच खोटं सांगितलं, म्हणून लाईट यायला दीड-दोनशे किलोमीटर लागले, नाहीतर टेस्ट ड्राईव्हलाच लागला असता. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला मात्र खोटं सांगता येत नाही, फिल्टर चोंदलेला असेल तर फरक दिसतोच, आणि शेवटी त्या फरकावरूनच कोड परत आला. ऑइलची पट्टी काढली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आणि ऑइलला डिझेलचा वास, कारण काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडत राहते आणि ते जाळणं अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल टर्बोची आणि इंजिनची वाट लावतं. मशीनने जबरदस्तीने रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करून बघितलं, पण काजळी उतरली नाही. नवीन फिल्टर, सेन्सर, ऑइल मिळून एस्टिमेट सव्वा लाखाच्या घरात.

आरसी नावावर झाल्यावर सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज देऊन गाडीची आधीची हिस्ट्री मागितली. त्यात विक्रीच्या काही महिने आधीची नोंद आहे की डीपीएफचा लाईट म्हणून गाडी आलेली, रिजनरेशन केलं, फिल्टर बदलायचा सल्ला दिला, ग्राहकाने नको सांगितलं. आता आधीच्या मालकाने डीलरला हे सांगितलं का नाही मला माहीत नाही, पण ज्याने कोड उडवून फिल्टर बदलल्याची खोटी नोंद मारली त्याला फिल्टर चोंदलाय हे माहीत होतं, त्याशिवाय नेमकी तीच नोंद कोण कशाला मारेल?

डीलरकडे गेलो तर आधी 'जुनी गाडी आहे साहेब, असं होतं'. 219 चा आकडा दाखवल्यावर म्हणे बॅटरी काढली होती म्हणून कोड गेले. बॅटरी काढल्याने काही गाड्यांमध्ये नोंदी पुसल्या जातात हे खरं आहे, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर मी भांडलो नाही. पण बॅटरी काढल्याने फिल्टर बदलल्याची नोंद आपोआप होत नाही, ती स्कॅनर लावून, मेनूत जाऊन, हो म्हणून दाबावी लागते. हे म्हटल्यावर सूर बदलला आणि डिलिव्हरी नोटवरचं 'जशी आहे तशी' हे वाक्य पुढे केलं. नंतर फोन करून पंचवीस हजार देतो, तक्रार नाही असं लिहून द्या म्हणाले. मी नाही दिलं.

आता घ्यायच्या आधी काय बघायचं ते. रीडर स्वतःचा न्या. ब्लूटूथवाले पाचशे-सातशेतही मिळतात, फक्त अगदी स्वस्तातले नकली काही गाड्यांशी नीट बोलत नाहीत, म्हणून नेण्याआधी घरच्या किंवा मित्राच्या गाडीवर लावून बघा. त्यांचा रीडर, त्यांचा मोबाईल, त्यांची प्रिंट याला काही अर्थ नाही. किल्ली फिरवून इंजिन चालू न करता आधी डॅशबोर्ड बघा, चेक इंजिन लाईट तेव्हा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर गेला पाहिजे, लागतच नसेल तर लाईटचाच बंदोबस्त केलेला असू शकतो. मग कोड बघा, पण तिथे थांबू नका. कोड उडवल्यापासूनचे किलोमीटर बघा, साठ हजार चाललेल्या गाडीत हा आकडा दोन-पाच-पन्नास असेल तर का उडवले ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर सरळ उठून या. त्याच्याच आसपास मॉनिटर किंवा रेडिनेस नावाचं पान असतं, गाडी स्वतःच्या तपासण्या स्वतः करत असते, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टची, थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरची, डिझेलमध्ये फिल्टरची, आणि कोड उडवले की पाटी पुसल्यासारख्या या सगळ्या तपासण्या 'अपूर्ण' होतात आणि परत पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. चार-पाच ठिकाणी अपूर्ण दिसलं आणि कोड शून्य दिसले, तर त्या शून्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक, गाडी थंड असताना बघायची असं आधीच फोनवर सांगा आणि गेल्यावर बॉनेटला हात लावण्यापेक्षा रीडरवर बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं असतं. हवा 28 आणि कूलंट 70 असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी गाडी चालवून-तापवून ठेवलीये. आमच्यासाठी एसी लावून ठेवली होती ती का, हे आता कळतंय. डिझेल असेल तर ऑइलची पट्टी स्वतः काढून बघा, वरच्या खुणेच्या वर असेल तर ते 'भरपूर ऑइल' समजू नका, त्यात डिझेल उतरलेलं असू शकतं. आणि रीडर लावू द्यायला कोणी नको म्हणत असेल, 'वॉरंटी जाते' वगैरे सांगत असेल तर ते खोटं आहे, नुसतं वाचल्याने काही जात नाही. सर्व्हिस हिस्ट्री टोकन द्यायच्या आधी मागा, आरसीवर मालकाचं नाव असतं, शक्य असेल तर त्याच्याशी बोला.

एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते भिंतीवर नसेल तर विचारा. आमच्या डीलरकडे आहे का हे मी आरटीओला लेखी विचारलंय. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवली, तिथून डीलरला विचारणा गेली, त्यांचं उत्तर तेच 'जशी आहे तशी'. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, वकील लागतोच असं नाही, पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. डिलिव्हरी नोट, रीडरचे तारखेसकट स्क्रीनशॉट, मीटरचा फोटो, सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्ट, जुनी हिस्ट्री आणि त्यांनीच दिलेली ती 'नो फॉल्ट कोड'ची प्रिंट, एवढं सगळं जोडलंय. त्या प्रिंटवर जो दिवस आहे त्याच दिवशी कोड उडवले गेले हे किलोमीटरवरून निघतं, म्हणून ती सगळ्यात वर लावलीये. फिल्टर अजून बदललेला नाही, जुना फिल्टर हाच पुरावा आहे, आयोगाने तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी असा अर्ज दिलाय आणि तोवर गाडी उभी आहे.

कुणाला अशाच गाडीत फिल्टर बदलल्याची खोटी नोंद सापडली असेल आणि आयोगात ती कशी सिद्ध केली हे सांगता येत असेल तर नक्की कळवा, मला त्याची गरज आहे. आणि पिंपरी-चिंचवड भागात कुणी जुनी डिझेल बघायला जाणार असेल तर रविवारी मी रीडर घेऊन सोबत यायला तयार आहे, पैसे वगैरे काही नको.