जिची किंमतच ठरली नव्हती, तिचा मी 'प्राइस लॉक' केला

नव्या मोटारसायकलच्या बनावट बुकिंगमध्ये गेलेले ६७,२४९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले रे?" असं कोणी कुजबुजत विचारायला नको.

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे. गाडी जीव लावणारी, पण ताकद २४ बीएचपीची. खंबाटकीच्या चढावर मागे बायको आणि सामान, पुढे ट्रक, एक गिअर खाली टाकला तरी ओव्हरटेकची हिंमत होत नाही. म्हणून मोठ्या इंजिनाची हिमालयन येणार हे कानावर आल्यापासून आम्ही सगळे मालक टेस्टिंगचे चोरून काढलेले फोटो मोठे करकरून बघत होतो. हा बघ रेडिएटर, म्हणजे लिक्विड कूलिंग नक्की! एवढे आम्ही जाणकार. असला उतावळा मासा गळाला लावायला फार अक्कल लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मोबाईलवर जाहिरात आली. सध्याच्या मालकांना प्राधान्याने नोंदणी, जुन्या गाडीवर एक्स्चेंज बोनस. फॉर्ममध्ये आरसी आणि चासी नंबर मागितला होता. त्यामुळे मला उलट खात्रीच पटली की काम पद्धतशीर चाललंय. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. फोन, व्हॉट्सअ‍ॅपला लोगोचा डीपी, "सर, तुमच्या भागातले दोनच स्लॉट राहिलेत." आणि मी चौकशी केली नाही असंही नाही. शोरूममध्ये गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने मोबाईलमधून मान वर न करता "अजून काही आलं नाही" एवढंच सांगितलं. मला वाटलं, याला कुठलं माहीत असणार! त्याने वर बघून "कुणाला पैसे देऊ नका" एवढं म्हटलं असतं तर? असो. पैसे माझे होते, त्याचे नव्हते.

३ तारखेला नोंदणीचे २,१००, 'परत मिळणारे'. ५ तारखेला बुकिंगचे १०,०००. ९ तारखेला 'प्राइस लॉक'चे, म्हणजे पुढे किंमत वाढणार नाही या हमीचे, १८,६५०. ११ तारखेला इन्शुरन्स आणि आरटीओचे आगाऊ ३१,५००, कारण पाडव्याला गाडी दारात हवी असेल तर पासिंग आधी करावं लागेल म्हणे. गाडीचा चासी नंबर हातात नसताना पासिंगचे पैसे कसले? आधीच्या गाडीचं पासिंग मी स्वतः आरटीओत उभं राहून केलंय. तरी भरले.

पण ते ११ तारखेचं. खरी वेळ होती ९ तारखेची रात्र, आणि ती अजून झोपू देत नाही. त्यांनी 'अलॉटमेंट लेटर' पाठवलं. शिक्का, सही, सगळं होतं. खाली गाडीची माहिती होती: कूलिंग एअर-ऑइल, गिअर पाच. अहो, ही तर माझ्याच जुन्या गाडीची माहिती! नुसता सीसीचा आकडा बदललेला. रेडिएटरवरून मित्रांशी रात्री एकपर्यंत वाद घालणाऱ्या मी ते वाचलं, टायपिंगची चूक म्हणून सोडून दिलं, आणि दहा मिनिटांत १८,६५० पाठवले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव आलं, तर ते एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. बायको शेजारीच होती. म्हणाली, "अहो, गाडीचे पैसे रिचार्जवाल्याला कशाला?" मी म्हटलं, "ते त्यांचे कलेक्शन पार्टनर असतात, तुला त्यातलं कळत नाही." नंतर तिने हा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पिन टाकण्याआधी ते नाव वाचा. मोठ्याने वाचा.

१२ तारखेला संशय आला, पैसे परत मागितले. तर परताव्याचं शुल्क ४,९९९! तेही दिले, आणि फोन बंद.

लाजेने चार दिवस गप्प बसलो, हे त्याहून महागात पडलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. पैसे कुठल्या ना कुठल्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. माझे तोवर कुठल्या कुठे गेले होते.

बँकेत रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक छापून घेऊन गेलो. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. म्हटलं, निदान शेवटचे ४,९९९ तरी मुदतीत बसतात. मॅनेजर म्हणाले, "ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी. पिन तुम्हीच टाकलात ना?" बरोबर आहे. मग त्या रिचार्जवाल्याचं खातं कुणी उघडलं, त्याची केवायसी कुणी तपासली? त्यावर "ती दुसरी बँक".

पोलीस स्टेशनला पहिल्या दिवशी सर्व्हर डाउन. दुसऱ्या दिवशी आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच करतात, आणि साहेब नवरात्राच्या बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी खातं परराज्यातलं निघालं, म्हणजे हद्दीचा प्रश्न. मी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं ४२० आणि आयटी कायद्याचं ६६डी ही फसवणुकीची कलमं काढली तर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" मग शेजारच्याला, "एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती की." दोघंही हसले. एफआयआर नाहीच, अर्जावर एक शिक्का मिळाला. तुम्ही जाल तेव्हा प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट छापून न्या, आणि पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. आधार दिलं असेल तर त्याचं बायोमेट्रिक लॉक करा. मला हे तिसऱ्या आठवड्यात सुचलं.

२४ नोव्हेंबरला गोव्यात नवी हिमालयन आली. ४५२ सीसी, ४० बीएचपी, सहा गिअर, आणि हो, रेडिएटर. एक्स-शोरूम किंमत २ लाख ६९ हजारांपासून, आणि तीही त्याच दिवशी पहिल्यांदा जाहीर झाली. मी ती दीड महिना आधी लॉक केली होती.

परवा एक मेसेज आला. 'सायबर रिकव्हरी विभाग. आपला ६७,२४९ रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे. फाइल चार्ज २,५०० फक्त.' आकडा एका रुपयानेही चुकलेला नव्हता.