जादूवाल्यांची चुंबकी अंगठी: दोन महिने वापरून, 5 पैकी 4 स्टार

ही अंगठी मी जादू शिकायला नाही घेतली, एक वाद मिटवायला घेतली. दिवाळीत ताईकडे सगळे जमलो होतो तेव्हा दाजींनी टीव्हीवर उरी गेलरची ती क्लिप लावली. मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो म्हणायचा तो इस्रायलचा गेलर, तोच. 2006 च्या शेवटी तिकडे त्याचा एक शो सुरू झाला होता, स्वतःचा वारसदार शोधायचा, आणि त्यात त्याने एकदा हात न लावता होकायंत्राचा काटा हलवून दाखवला. नंतर कोणीतरी तेवढाच तुकडा स्लो करून नेटवर टाकला आणि टीका करणारे म्हणायला लागले की काटा हलायच्या आधी अंगठ्यावर काहीतरी चढवलंय बघा, लोहचुंबकच असणार. गेलरने ते मान्य केलं नाही. दाजी म्हणाले, "एवढ्याशा चुंबकाने लांबून काटा हलेल का रे? काहीतरीच." मी म्हणलं हलेल. मग रात्री एक वाजेपर्यंत तेच चाललं, शेवटी ताईने लाइट बंद केला.

तर अंगठी. ऑनलाइन घेतली, 400 च्या आसपास पडली, निओडिमियम या जोरदार चुंबकाची आहे, वरून निकेलचं पॉलिश, लांबून साधी स्टीलची अंगठी वाटते. छोट्या डबीत स्पंजमध्ये येते. साइज मात्र नीट बघून मागवा, मी अंदाजाने 20 मिमी मागवली ती मधल्या बोटात सैल आणि अंगठ्यात घट्ट, आता तर्जनीत घालतो. ताकद जबरदस्त आहे, पहिल्याच दिवशी जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला आणि बोट अडकल्यासारखं झालं.

होकायंत्र स्टेशनरीच्या दुकानातलं प्लास्टिकचं घेतलं आणि पट्टी ठेवून मोजलं. हाताभर अंतरावरून काही म्हणजे काही होत नाही. 30 सेंमीवर काटा जेमतेम थरथरतो, वीतभर अंतरावर आला की स्पष्ट वळतो आणि 10 सेंमीवर तर हात फिरवाल तसा गरगर फिरतो. कारण सरळ आहे, पृथ्वीचं चुंबकत्व फार क्षीण असतं, जवळ आलेलं छोटं चुंबकसुद्धा त्याच्यावर सहज मात करतं, फक्त अंतर दुप्पट झालं की जोर साधारण आठपटीने कमी होतो म्हणून लांबून जमत नाही. टेबलावर वाकून, हात होकायंत्रावर फिरवत, तोंडाने लोकांना जोरात ओरडायला लावत केलं तर समोरच्याला अंतर लक्षातच येत नाही. मी पुतण्यांसमोर केलं तेव्हा धाकटी खरंच घाबरली, मला तिला लगेच अंगठी काढून दाखवावी लागली.

मग दाजींना बोलावलं. काटा हलवला. दाजी दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले अंगठी काढ, बाह्या वर कर, हात आधी मला तपासू दे, मग कर. अर्थातच काटा जागचा हलला नाही. तेव्हा ते जे बोलले ते मला आजपण पटतं, "याने तू चुंबक वापरलंस एवढंच कळलं. त्याने वापरलं हे कुठे कळलं?" बरोबर आहे. ही अंगठी 'असं करता येतं' एवढंच सांगते, 'त्याने असंच केलं' हे सांगत नाही. स्लो केलेल्या व्हिडिओत दिसणारा एक ठिपका म्हणजे पकडणं नाही, संशय आहे, दाट संशय आहे असं मी म्हणेन, पण संशयच.

पण दाजींनी स्वतः जे केलं ना, हात तपासून मग कर, तेच खरं पकडायचं तंत्र आहे आणि ते गेलरच्या बाबतीत आधीच होऊन गेलंय. 1 ऑगस्ट 1973, अमेरिकेत जॉनी कार्सनचा शो. कार्सन स्वतः तरुणपणी जादूचे प्रयोग करायचा, त्यामुळे त्याला कुठे बघायचं ते माहीत होतं, त्याने जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला. रँडीने सांगितलं की सामान तुमचं ठेवा आणि शोच्या आधी गेलरला किंवा त्याच्या माणसांना त्या सामानाच्या जवळपास फिरकू देऊ नका. बस, एवढंच. वीस-बावीस मिनिटं गेलर सामान मांडलेल्या टेबलासमोर बसला होता, काही झालं नाही, म्हणाला आज ताकद जाणवत नाहीये.

दाजींचं यावर म्हणणं, हरला म्हणजेच खरा, भोंदू असता तर दरवेळी जमलं असतं. हे फार जण म्हणतात आणि ऐकायला बरोबर वाटतं. मला नाही पटत. 1981 मध्ये जेम्स हायड्रिक नावाचा माणूस टीव्हीवर फोन डिरेक्टरीची पानं 'मनाने' उलटवायचा. रँडीने डिरेक्टरीभोवती थर्माकोलचे बारीक तुकडे पसरले, म्हणजे फुंकर मारली तर उडतील. हायड्रिकची शक्ती तिथेच थांबली आणि त्याने स्टॅटिक इलेक्ट्रिसिटीचं कारण दिलं. नंतर त्याने फुंकर मारायचो हे कबूलही केलं. शक्ती नेमकी बंदोबस्त असेल तेव्हाच रुसते, हे दोनदा बघितल्यावर तिसऱ्यांदा मी वाट बघणार नाही. गेलरने स्वतः 2007 मध्ये एका जर्मन मासिकाला सांगितलं की यापुढे अलौकिक शक्ती आहे असं म्हणणार नाही, मी करमणूक करणारा आहे. मग आधीची तीसेक वर्षं लोक जे मानत होते त्याचं काय, हे मला खरंच विचारायचंय.

मी एवढं तळमळीने का बोलतोय, तर माझी मावशी काका आजारी असताना एका मनातलं ओळखणाऱ्या बाबाकडे दोन वर्षं जात होती, हातातल्या पाटल्या मोडल्या तिने. तिला कोणी आधी एक साधी अंगठी दाखवली असती तर कदाचित तिने दोन प्रश्न विचारले असते. शाळेत आमच्याकडे अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) लोक येऊन लिंबातून 'रक्त' काढून दाखवायचे आणि मग ते कसं केलं तेही सांगायचे, ते अजून डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून मी ही अंगठी शिक्षकांना आणि ज्यांच्या घरात मोठी मुलं आहेत त्यांना आवर्जून घ्या म्हणेन.

आता एक स्टार कशाला कापला ते. एक, पंधरा दिवसात आतल्या कडेचं पॉलिश निघालं आणि बोटावर काळपट डाग पडायला लागला. दोन, सोबत माहितीचा कागद आहे त्यात सावधगिरीचं अवाक्षर नाही. हे खाली लिहितोय ते त्यांनी छापायला हवं होतं: पेसमेकरवाल्या माणसाजवळ नेऊ नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, फरशीवर पाडू नका कारण हे चुंबक ठिसूळ असतं, टवका उडतो. फोनमधला कंपासही ही जवळ असली की भलतीच दिशा दाखवतो. आणि होकायंत्राला टेकवू तर अजिबात नका. माझं एकदा टेकलं आणि काट्याचे ध्रुवच उलटे झाले, ते कळलं सिंहगडावर, उत्तर दाखवणारं टोक दक्षिणेकडे. आता ते होकायंत्र फक्त प्रयोगाला ठेवलंय, ट्रेकला दुसरं घेतलं. चमचा वाकवायला अंगठीचा काही उपयोग नाही, घरातल्या चांगल्या स्टीलच्या चमच्यांना ती चिकटतसुद्धा नाही.

दाजींनी परवा फोन करून लिंक मागितली, त्यांना त्यांच्या सोसायटीतल्या पोरांना दाखवायचंय. 22 मिमीची मागवा म्हणून सांगितलंय, त्यांची बोटं जाड आहेत.