नर्सिंग होमचं लायसन्स: चालू ठेवावं की इनॲक्टिव्ह टाकावं?

आईवडिलांपैकी कुणी अंथरुणाला खिळलं आणि वर्ष-दोन वर्षांसाठी भारतात घरी जायचं ठरलं, की अमेरिकेत नर्सिंग होमचा ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे होम चालवणारा, म्हणून काम करणाऱ्या आमच्यासारख्यापुढे तिकिटाच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. लायसन्सचं काय करायचं? रिन्युअल भरून ॲक्टिव्ह ठेवायचं, की अर्ज करून इनॲक्टिव्ह टाकायचं? 2018 साली मी दुसरा रस्ता धरला. ओरलँडोच्या बाजूला काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका ताईंनी जवळपास त्याच काळात पहिला धरला. दोघांचं काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून सांगतो, म्हणजे तुम्हाला ठरवायला बरं पडेल. हे सगळं फ्लोरिडाचं आहे. आपल्याकडे दोन वर्षांना 40 सीई तास, म्हणजे सतत शिक्षणाच्या वर्गांचे तास, लागतात, पेनसिल्व्हेनियात 48 लागतात. राज्य बदललं की नियम बदलतात, तेव्हा आपापल्या राज्याचा नियम वाचून मगच माझं ऐका.

घरच्या मंडळींसाठी एक खुलासा. सांगलीत नर्सिंग होम म्हटलं की लोकांना डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल आठवतं. इथलं नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि परावलंबी माणसांचं दीर्घकाळ राहण्याचं ठिकाण, आणि ते चालवणाऱ्याकडे राज्याचं लायसन्स असावंच लागतं. अमेरिकेच्या 1967 च्या केंद्रीय कायद्यापासून ही अट आहे. त्यामुळे हे लायसन्स म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नव्हे. ते नसेल तर होमला तुम्हाला त्या खुर्चीत बसवताच येत नाही. माझा सगळा अनुभव शेवटी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

आधी इनॲक्टिव्हची बाजू सांगतो, कारण ती मी स्वतः जगलोय आणि तिला वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. बाबांना जुलैमध्ये पक्षाघाताचा झटका आला. रिन्युअलची तारीख 30 सप्टेंबर, म्हणजे ऐन वादळाच्या हंगामात. आदल्या वर्षी इर्मा चक्रीवादळ येऊन गेलं होतं, वीज गेल्यावर एका होममध्ये उकाड्याने माणसं दगावली होती, आणि त्यानंतर आलेल्या नियमाप्रमाणे 96 तास आतलं तापमान 81 फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून सगळीकडे जनरेटर बसवायची धावपळ चालू होती. त्या गडबडीत माझे बारा-तेरा तास भरायचे राहिले होते. इनॲक्टिव्हचा अर्ज भरला आणि खरंच सांगतो, डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यात शिक्षेचा भाग काही नाही, नावाला डाग लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करायचं नाही, तसं म्हणवून घ्यायचं नाही, एवढंच. पुढची साडेतीन वर्षं मी पूर्णवेळ बाबांजवळ होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा अंथरुणावरच्या माणसाला चादरीसकट कसं उचलायचं, कोणती औषधं आधी पिशवीत टाकायची, सक्शन मशीन विजेशिवाय किती वेळ चालेल, हे मला माहीत होतं. गल्लीतल्या आणखी दोन घरांतल्या आजारी माणसांना हलवायलाही ते उपयोगी पडलं. त्या रात्री वेबिनार बघण्याची सक्ती माझ्यावर नव्हती याचं मला आजही समाधान आहे.

ताईंचं मात्र वेगळं चाललं होतं. त्या सासूबाईंसाठी कोल्हापुरात होत्या आणि लायसन्स ॲक्टिव्ह ठेवलेलं. इथे दुपारी दोनला सुरू होणारा वर्ग तिथे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतो. सासूबाईंना रात्रीचं औषध देऊन त्या लॅपटॉप उघडून बसायच्या. घरबसल्या किती तास चालतात आणि प्रत्यक्ष हजर राहून किती लागतात हे त्यांनी आधी नीट विचारून घेतलं होतं. बरेचसे तास जायच्या आधीच भरले, काही मधल्या एका फेरीत उरकले. फोनवर बोलताना त्या दमलेल्या वाटायच्या आणि मला वाटायचं, कशासाठी एवढं? मी पैसेही वाचवतोय आणि झोपही.

पैशांचं सांगून टाकतो, कारण अनेकांचा निर्णय तिथेच होतो, आणि माझ्या मते तो तिथे होऊ नये. कायद्यात एवढंच आहे की इनॲक्टिव्हची फी ॲक्टिव्हपेक्षा जास्त असू नये. म्हणजे फी भरावी लागतेच, लायसन्स काही फुकट झोपत नाही. आणि परत ॲक्टिव्ह करताना दोन्हींतला फरक भरून काढायचा असतो, वर त्या प्रक्रियेचे वेगळे पैसे. मी वाचवले म्हणून जे समजत होतो ते शेवटी एकरकमी दिले.

तासांचंही तसंच. इनॲक्टिव्ह काळात दर दोन वर्षांना 40 तास भरावे लागत नाहीत हे खरं, पण परत येताना त्या सगळ्या काळाचे तास मागितले जातात. ही अट मी 2018 मध्ये वाचली होती. फक्त ‘बघू तेव्हा’ म्हणून पान उलटलं होतं. दोन आवर्तनांचे तास एकदम भरायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट जाणवली. मी नसताना, ऑक्टोबर 2019 मध्ये, मेडिकेअरची, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याची, होमला पैसे देण्याची सगळी पद्धतच बदलून पीडीपीएम ही नवी पद्धत आली होती. त्यानंतर कोविड येऊन गेला. संसर्ग-नियंत्रणाचे नियम, भेटीगाठींचे नियम, चाचण्या, अहवाल, सगळं नवं. ताईंनी हे दर वर्षी थोडं थोडं पचवलं होतं. मला ते अडीच महिन्यांत गिळावं लागलं, आणि इतक्या घाईने गिळलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही. सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी तपासणीच्या, वेळी सर्व्हेयरच्या प्रश्नाला उत्तर देताना पुढचं जवळजवळ वर्षभर माझी जीभ अडखळायची.

पण फी आणि तास यांवरून मी मत बनवलं नाही. ते बनलं एका फोनवरून.

2022 च्या फेब्रुवारीत बाबा गेले. एप्रिलमध्ये मी टॅम्पाला परत आलो आणि मे महिन्यात एका कंपनीने बोलावलं. 120 खाटांचं होम, आधीच्या बाई महिनाअखेरीस सोडून जाणार होत्या. मुलाखत उत्तम झाली. नर्सिंगच्या प्रमुखांबरोबर तासभर फिरलो, स्वयंपाकघर पाहिलं, दोन आजोबांशी गप्पा मारल्या. मनात मी त्या खुर्चीत बसलोही होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरमधून फोन आला. राज्याच्या साइटवर नाव टाकलं की लायसन्सची स्थिती कुणालाही दिसते, आणि माझ्या नावापुढे इनॲक्टिव्ह हा एक शब्द होता. मी सगळं समजावून सांगितलं. वडिलांचं आजारपण, काही शिस्तभंग नाही, तास भरतोय, अर्ज तयार आहे. फोनवरची मुलगी सभ्य होती. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘एक तारखेला ॲक्टिव्ह असेल का?’ नसणार होतं. माझे तास अपुरे होते, जुन्या वर्गांच्या नोंदी सीई ब्रोकरवर, म्हणजे तासांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर, जुळत नव्हत्या, आणि तो गोंधळ माझाच होता. एक दिवसही ते होम लायसन्सधारक ॲडमिनिस्ट्रेटरशिवाय ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी दुसरा माणूस घेतला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्रास नोकरी गेली याचा कमी झाला. नोकऱ्या मिळतात. त्रास त्या वर्तुळाचा झाला. अनुभव दाखवायला खुर्ची हवी, खुर्चीला ॲक्टिव्ह लायसन्स हवं, ते मिळेपर्यंत जो वेळ जातो तो कुणाच्याच हिशोबात बसत नाही. पुढचे तीन महिने एका ओळखीच्या होममध्ये ॲडमिशन्सचं काम केलं, पगार निम्म्याच्या आसपास. प्रत्येक मुलाखतीत पहिली दहा मिनिटं तो एक शब्द समजावण्यात जायची. शेवटी ऑगस्टमध्ये लायसन्स ॲक्टिव्ह झालं. 28 सप्टेंबरला इयन चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं, रिन्युअलच्या तारखेच्या फक्त दोन दिवस आधी. तोवर माझी कागदपत्रं अडकलेली असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

ताई त्याआधी वर्षभर परतल्या होत्या. त्यांना तीन आठवड्यांत काम मिळालं. एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. त्यांचे संबंध माझ्यापेक्षा चांगले होते, आणि माणसांची चणचण तेव्हा सगळीकडेच होती. तरी साइटवर त्यांच्या नावापुढे काय दिसत होतं आणि माझ्यापुढे काय, हा फरक मला नजरेआड करता येत नाही.

मग इनॲक्टिव्ह कुणी टाकावं? माझ्या मते, ज्यांना नक्की परतायचंय पण केव्हा ते अजिबात ठरवता येत नाही, आणि ज्यांच्या घरचं दुखणं असं आहे की रात्रीचा एक तासही आपला राहणार नाही, त्यांनी. तिथे दुसरा इलाज नाही आणि वाईट वाटून घेण्याचंही कारण नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सलग दोन आवर्तनांपेक्षा, म्हणजे चार वर्षांपेक्षा जास्त इनॲक्टिव्ह राहिलात तर राज्याचं लायसन्स मंडळ तुमची कामाची क्षमता नव्याने दाखवायला सांगू शकतं. मी त्या काठावरून परत आलो. दुसरं, पुढेमागे राज्य बदलायचा विचार असेल तर बरीच राज्यं चालू लायसन्स आणि अलीकडच्या काही वर्षांतलं प्रत्यक्ष काम बघतात. तिथे हा मधला काळ अडतो. शिवाय इनॲक्टिव्ह असताना कुणा होतकरू मुलाला आपल्या हाताखाली एआयटी, म्हणजे शिकाऊ ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणून घेता येत नाही. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मलाही एकाने असंच घेतलं होतं.

काहीजण तिसरंच करतात: काहीच करत नाहीत. तारीख जाऊ देतात. ते मात्र करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. मग लायसन्स डेलिंक्वंट, म्हणजे थकीत, होतं आणि त्या दोन वर्षांच्या आवर्तनात अर्ज केला नाही तर ते आपोआप रद्दबातल होतं. मग परीक्षेपासून सगळं पहिल्यापासून. रिन्युअलची सूचना नोंदवलेल्या पत्त्यावर येते आणि पत्ता बदलल्याचं कळवणं ही आपली जबाबदारी असते. माझी 2020 ची सूचना आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून होती. शेजाऱ्यांनी फोटो काढून पाठवला म्हणून इनॲक्टिव्हची फी वेळेत भरली गेली.

ज्यांची अनुपस्थिती दोन वर्षांच्या आतली आहे, किंवा मध्ये एखादी फेरी मारता येणार आहे, त्यांना मी तरी ॲक्टिव्हच ठेवायला सांगेन. परिस्थिती ज्याची त्याला माहीत, माझा शब्द शेवटचा समजू नका. पण जायच्या आधी 40 पैकी निम्मे तास संपवा, सीई ब्रोकरवर नोंद दिसेपर्यंत पाठपुरावा करा, आणि उरलेले कोणत्या महिन्यात भरणार ते लिहून ठेवा. ताईंनी हे सगळं एका जुन्या डायरीत मांडलं होतं. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा एका पानावर, वर्गांच्या तारखा समोरच्या पानावर.

माझी पुढची तारीख 30 सप्टेंबर 2026. नाशिकला सासूबाई एकट्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, आणि या वेळी सहा-आठ महिने आम्हा दोघांना जावं लागेल असं दिसतंय. 26 तास झालेत. उरलेले 14 निघायच्या आधी संपवतोय. परवाच्या शनिवारचा वर्ग सकाळी आठला आहे.