बीबी का मकबरा: आधी दरवाजा पाहा, मग आत जा

छत्रपती संभाजीनगरचा हा मकबरा ‘दख्खनचा ताज’ म्हणून उरकून टाकू नका. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये बाळंतपणानंतर वारली; ही तिची कबर. मुख्य दरवाजावरचे पितळी पत्रे जवळून पाहा. वेलबुट्टीच्या सोबतीला वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. बहुतेक जण इथूनच घाईने पुढे सरकतात, याचं फार वाईट वाटतं.

संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटालाच. मधल्या भागात काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा, म्हणून तो पावसाने काळवंडतो, पोपडे सुटतात. कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत; वरून डोकावून पाहायची. नाणी टाकू नका. उन्हाळ्यात सकाळीच जा, चौथरा तापतो.