हानलेचा होमस्टे: तीन रात्री, एक दुर्बीण

वीस वर्षं मी बदलापूरजवळच्या वांगणीला आकाश बघायला जातेय. दर वर्षी बदलापूरकडचा उजेड आणखी थोडा वर चढलेला असतो. म्हणून २०२५ची सर्वपित्री अमावास्या धरून लडाखमधल्या हानलेला तीन रात्री राहिले.

होमस्टे साधा, स्वच्छ. जेवायला गरम थुक्पा किंवा पोळी-भाजी. शौचालय लडाखी पद्धतीचं, कोरडं, अंगणापलीकडे. गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या. गाव ४,२०० मीटरच्याही वर आहे. लेहला दोन दिवस काढूनही पहिली रात्र माझं डोकं ठणकत होतं.

पण मी गेले होते अंधारासाठी, आणि तो या लोकांनी जिवापाड जपलाय. डिसेंबर २०२२मध्ये इथे डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं क्षेत्र, झालं. टेकडीवर दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे (चंद्र म्हणजे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर), तिच्यासाठी गावात रात्री खिडक्यांना जाड पडदे आणि अंगणात फक्त लाल टॉर्च. आमच्या यजमानीणबाई, आम्ही त्यांना 'आचे-ले' (लडाखीत ताई) म्हणायचो, खगोलदूत म्हणून, म्हणजे पाहुण्यांना आकाश दाखवायला, शिकलेल्या आहेत. त्यांनी पहिली वीस मिनिटं आपल्या छोट्या दुर्बिणीला हातच लावू दिला नाही. "आधी डोळे तयार होऊ देत." मग हंस तारकासमूहातून धनूकडे उतरणारी आकाशगंगा, तिच्या मधली काळी फाट, आणि आकाशगंगेसारखीच दुसरी, देवयानी दीर्घिका: पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, नुसत्या डोळ्यांनी. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून शनी दाखवला. त्या वर्षी त्याची कडी जवळजवळ आडवी, सुईने शनी आरपार ओवल्यासारखी. तेवढ्यात एका पर्यटकाची गाडी हेडलाइट लावून आली आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा शून्यावर. कृपा करून असं करू नका.

ऑरोरासाठी, म्हणजे ध्रुवांकडे आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडासाठी, मात्र इथे येऊ नका. १० मे २०२४च्या रात्री मोठ्या सौर वादळात इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ लाल झाक टिपली, हे खरं. पण इतक्या दक्षिणेकडून ऑरोराचा फक्त वरचा, दोनशे किलोमीटरपलीकडच्या ऑक्सिजनचा लाल भाग दिसू शकतो, तोही क्वचित आणि फिका. नाचणारे हिरवे पडदे बघायचे तर नॉर्वे-आइसलंड गाठा.

दुसरी रात्र ढगात गेली. आचे-लेंनी त्या रात्रीचे दुर्बिणीचे पैसे घेतले नाहीत, आणि तिसऱ्या पहाटे चार वाजता स्वतःहून दार वाजवलं. पूर्वेला दुधी उजेडाचा तिरका सुळका, थेट मिथुनेतल्या गुरूपर्यंत. मला वाटलं, झुंजुमुंजू झालं. त्या म्हणाल्या, नाही, पहाटेला अजून वेळ आहे. ही ग्रहांच्या वाटेवरची धूळ, सूर्यप्रकाशात चमकतेय. वीस वर्षं फक्त पुस्तकात वाचलेला राशिप्रकाश! बोटं बधिर होईपर्यंत आम्ही दोघी गच्चीवर उभ्या होतो.