खारघरचे संजीवनी रुग्णालय : आमच्या भाचीच्या शस्त्रक्रियेचा अनुभव
माझ्या अडीच वर्षांच्या भाचीच्या हृदयाची शस्त्रक्रिया खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात झाली. तेथे बिल भरण्याची खिडकीच नाही, लहान मुलांच्या हृदयावरील उपचार पूर्णपणे विनामूल्य होतात, हे आम्ही ऐकून होतो. तरीही नोंदणीच्या वेळी बहिणीने ‘डिपॉझिट किती?’ असे विचारलेच, कारण त्याआधी एका खाजगी रुग्णालयाने सांगितलेला आकडा तिच्या घरच्या दोन वर्षांच्या कमाईहून मोठा होता.

भाचीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र होते. दूध पिताना ती घामाघूम होई, वजन वाढत नसे, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होई. पण शहापूर तालुक्यातील त्यांच्या गावात सगळे तिला नुसती ‘अशक्त’ समजत. असे छिद्र वेळेत बंद झाले नाही, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर शस्त्रक्रिया करताच येत नाही. तेव्हा ती विनामूल्य असूनही उपयोग नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आले आणि डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, म्हणूनच आम्ही वेळेत पोहोचलो. माझ्या मते या उपचाराचे निम्मे श्रेय त्या पथकाचे आहे.

रुग्णालयाबद्दल सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी कागदावर हृदयाचे चित्र काढून, छिद्रावर ठिगळ कसे लावणार आणि त्यात धोका किती, हे बहिणीला मराठीत, तिचे प्रश्न संपेपर्यंत समजावले. फुकटच्या उपचारात गरिबाला गप्प बसवले जाते, ही तिची भीती तेथे खोटी ठरली.

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जगातील शस्त्रक्रियांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने दाखवून दिले होते की, जगात होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी जेमतेम ६ टक्के सर्वांत गरीब देशांत होतात, जेथे जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोक राहतात. त्या देशांतील आईबापांना केवढे अंतर कापावे लागत असेल, याची कल्पना आसनगावहून ठाणे आणि तेथून गाडी बदलून खारघर असा प्रवास आजारी मूल कडेवर घेऊन करताना येते. प्रत्येक फेरीला मेहुण्यांची एका दिवसाची मजुरी बुडते. दुरून येणाऱ्यांनी जुने एक्स-रे, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल आणि लसीकरणाचे कार्ड पहिल्याच फेरीत सोबत आणावे.