पूर्णवेळ माणूस की प्राध्यापकांची समिती?

एका मैत्रिणीने विचारलं, छोट्या विद्यापीठात समता-समावेशनाचं काम (भेदभावाच्या तक्रारी, अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी वगैरे) पूर्णवेळ माणसाकडे द्यावं की प्राध्यापकांच्या समितीकडे. मी दोन्ही जवळून पाहिलंय.

खर्चात समिती स्वस्त वाटते, पण तेच दोन-तीन जण लेक्चर, पेपर तपासणी सांभाळून हे करतात आणि ज्यांनी स्वतः भेदभाव सोसलाय त्यांच्याच गळ्यात बहुतेकदा हे पडतं.

खरा मुद्दा विश्वासाचा. विद्यार्थिनी दारात घुटमळत "मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" म्हणते ना, तेव्हा आत कोणीतरी बसलेलं लागतं, तिला पुढच्या मीटिंगची तारीख देऊन नाही चालत. त्यात छोट्या ठिकाणी सगळे सगळ्यांना ओळखतात, जिच्याबद्दल तक्रार करायची ती व्यक्ती समितीतल्याच कुणाच्या तरी शेजारच्या केबिनमध्ये असते.

अधिकारात मात्र समिती भारी. विभागातलेच लोक असल्याने परीक्षेत जादा वेळ, रॅम्प अशी कामं पटकन हलतात. एकट्या माणसाला बजेट नसेल तर तो नुसते कार्यक्रम भरवत बसतो, थकून सोडून जातो आणि सगळं परत पहिल्यापासून.

तक्रारी आणि रोजचा आधार हवा असेल तर पूर्णवेळ माणूसच घ्या, बजेट आणि कुलगुरूंना थेट रिपोर्टिंग लेखी ठरवून. नियम बदलायचे असतील तर समिती चालेल, फक्त सदस्यांची लेक्चर्स कमी करा.